मोती पिकेपर्यंत

समोरून येणाऱ्या गाडीचे पांढरे दिवे डोळ्यांत घुसले की माझ्या तोंडून ज्या शिव्या निघतात, त्या शिक्षिकेच्या तोंडी शोभणाऱ्या नाहीत. तरी मी त्या देते. हेल्मेटच्या आत देते, म्हणून सहसा कुणाच्या कानावर जात नाहीत. माझी शाळा होटगीला आणि घर सोलापुरात, आसरा चौकाच्या पुढं. दहावीचा जादा तास आटोपून स्कूटरला किल्ली लावेपर्यंत हिवाळ्यात दिवस मावळलेला असतो, आणि मग माझी रोजची परीक्षा सुरू होते. एक गाडी समोर येते, सगळं पांढरं होतं, रस्ता जातो, कडेचा पट्टा जातो, पुढं खड्डा आहे की म्हैस आहे ते देवाला ठाऊक. मी वेग कमी करते, तर मागचा हॉर्न वाजवतो. म्हणजे आंधळी केली ती मला आणि वाट अडवणारीही मीच.

हे दिवे काय प्रकरण आहे ते मला नीट माहीत आहे, कारण मी विज्ञान शिकवते. साध्या हॅलोजन बल्बमध्ये बारीक तार तापून उजेड देते. ह्या नव्या बल्बात तारच नसते. काचेच्या नळीत वायू भरलेला असतो, त्यात विजेची ठिणगी पडून तो पेटतो, आणि तो पेटवायला एक वेगळी डबी लागते, तिला दुकानदार बॅलास्ट म्हणतात. उजेड कितीतरी जास्त. त्यात वाईट काही नाही. ज्या गाडीत ह्या उजेडासाठी मुद्दाम भिंग बसवलेलं असतं, तिथं तो शहाण्यासारखा खाली रस्त्यावर पडतो. पण जुन्या गाडीच्या दिव्याची वाटी जुन्या बल्बच्या मापानं घडवलेली असते. नववीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर अंतर्वक्र आरसा काढते, त्याची नाभी दाखवते आणि सांगते की दिवा नाभीपासून जरा हलला की किरण वाटेल तिकडं जातात. वाटेल तिकडं म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. पोरांना हे चटकन कळतं. तीच पोरं मोठी होऊन गाडी घेतात आणि विसरतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका संध्याकाळी मी आमच्या गल्लीत वळले, तर तोच पांढरा भपका अंगावर आला. मी ब्रेक दाबला, पाय टेकला, आणि त्या दिवशी नेमकी हेल्मेटची काच वर होती, त्यामुळे जे काय बोलायचं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. दिवे विझले. डोळ्यांपुढचे हिरवे-जांभळे ठिपके जायला जरा वेळ लागला. ते गेल्यावर दिसलं की गाडी आमचीच आहे, आमच्याच फाटकासमोर उभी आहे, आणि बॉनेटवर हात ठेवून आमचे हे उभे आहेत. शेजारपाजारचे कौतुकानं जमलेले. नारळ फोडून झालेला, दोन्ही दिव्यांच्या काचांना कुंकवाचं बोट लावलेलं.

ह्यांनी विचारलं, "कसे आहेत?"

मी स्कूटर ढकलत आत नेली.

आमचे हे कचेरीतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. स्वभावानं गरीब, कुणाला उलटून बोलणार नाहीत. पण गाडी त्यांची एकट्याची. माझ्याकडं लायसन आहे, चालवताही येतं, तरी त्या गाडीत चालकाच्या जागेवर मी बसले असेन ती सीट झाडायला. वर्षभर त्या गाडीत काही ना काही बिघडत होतं. आधी पुढची काच खराब झाली, ती बदलली. मग वायपर काचेवर चरे पाडतात म्हणून वायपर बदलले. मग दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या म्हणून त्या घासून घेतल्या. मग बॅटरी. मग ठेकेदारानं रस्त्यावर पांढरा पट्टा धड मारला नाही म्हणून ठेकेदाराचा उद्धार झाला. संध्याकाळी दिसत नाही, ह्याची जगातली सगळी कारणं तपासून झाली आणि शेवटी हॅलोजन बल्ब गुन्हेगार ठरला. तेव्हाच तुम्हाला कळायला हवं होतं, असं आता लोक मला म्हणतात. म्हणोत बापडे. एकाच घरात राहून एखाद्यानं आपल्यापासून लपवायचं ठरवलं की किती लपतं, ते त्यांनी एकदा अनुभवून बघावं.

ह्यांना संध्याकाळी जायचं असायचं ते मैंदर्गीला. तिथल्या देवीची सेवा ह्यांच्या भावकीत पिढ्यानपिढ्या वाटून आलेली आहे. सकाळची पूजा थोरल्या घराकडं, आणि मंगळवारी, शुक्रवारी संध्याकाळची दिवाबत्ती आमच्या घराकडं. दिवेलागणीला आमच्या घरच्या हातानं गाभाऱ्यातली समई लागली पाहिजे, एवढंच काम. पण त्या पाळीत ह्यांचा जीव. नोकरीत असताना अर्ध्या दिवसाची रजा टाकून जायचे, पावसापाण्यात एसटीनं जायचे. माझ्या सासऱ्यांनी शेवटच्या दुखण्यात जवळची काडेपेटी ह्यांच्या हातात दिली होती. शेत नाही, सोनं नाही, काडेपेटी. भावकीचा नियमही एकच: हात सुटला की हक्क सुटला. ज्या घराची दिवाबत्ती चुकली, त्याची पाळी थोरल्या घराकडं जाते. एका चुलत घराची तशी गेलेली आम्ही पाहिली होती. ती माणसं पुण्याला कामाला लागली, आणि सणाला गावी आली तेव्हा आपल्याच देवळात पाहुण्यासारखी खांबाला टेकून उभी राहिली. ह्यांना भय होतं ते त्या खांबाचं.

म्हणून अंधारात परत येताना ह्यांना रस्ता दिसणं महत्त्वाचं होतं, हे मला मान्यच होतं. पण त्यासाठी समोरच्या सगळ्यांचे डोळे फोडायचे, हे मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या दुकानात गेले. दुकानदार तोंडाचा गोड. दिवे काढून जुने बल्ब परत बसवा म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. "काकांला लई आवडलीय की लाईट, मॅडम," म्हणाला. मग मी त्याला वाटी, नाभी, किरण सगळं सांगितलं. त्यानं अगदी मन लावून ऐकलं आणि स्क्रू फिरवून दिव्यांची तोंडं जराशी खाली करून देतो म्हणाला. मी म्हटलं, वाटीच चुकीची आहे, तर खाली बघून काय होणार? तर म्हणाला, सगळेच घालायलेत. पासिंगला गाडी न्यायची असली की तेवढ्यापुरते जुने बल्ब लावून देतो, परत हे बसवतो, त्याची काळजी करू नका. म्हणजे नियमात बसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक, आणि तेही तो ग्राहकाच्या सोयीची गोष्ट म्हणून सांगत होता. शेवटी त्यानं जो तोडगा काढला त्यानं माझं डोकंच फिरलं. म्हणाला, समोरच्यानं बी हेच घालावं, मग दोघांचं सारखं होतंय.

आणि जो चालत येतोय त्यानं काय घालावं? कपाळाला बॅलास्ट बांधावा? हे मी त्याला विचारलं. तो हसला, आणि माझ्यासाठी चहा सांगू लागला. मी तशीच निघाले.

घरी आल्यावर पुन्हा तोच विषय. ह्यांनी माझं म्हणणं पुस्तकातलं ठरवलं. पुस्तकातलं पुस्तकात, रस्त्यावरचं रस्त्यावर, मला दिसतंय, बास. मी म्हटलं, मला दिसत नाही त्याचं काय? तर म्हणाले, तू स्कूटर जरा कडेनं चालवत जा. ज्या माणसानं लग्नानंतर कधी मला आवाज चढवून काही सांगितलं नाही, तो मला माझ्याच रस्त्याच्या कडेला ढकलत होता. मी ताट तसंच ठेवून उठले.

पुढच्या शुक्रवारी जादा तास दुसऱ्या बाईंवर सोपवला आणि म्हटलं, मीही येते, देवीची ओटी भरायची आहे. ओटी भरायची होतीच. पण त्याहून जास्त मला ते दिवे गाडीच्या आतून बघायचे होते.

निघायला उशीर झाला. ऊस तोडणीचे दिवस, वाटेत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या मागं दिवा नाही की लाल कापड नाही. अक्कलकोट मागं पडलं तेव्हा सूर्य बुडाला होता. ह्यांनी दिवे लावले. आधी निळसर लुकलुकले, मग हळूहळू पांढरे झाले, आणि रस्ता धुऊन काढल्यासारखा समोर आला. समोरून येणारा जो तो आम्हाला डिपर मारत होता. एकानं तर शेजारून जाताना काच खाली करून आमचा उद्धार केला. हे दुखावून म्हणाले, "लोकांना शिस्तच राहिली नाही." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी माझ्या शेजारच्या सीटवरून ऐकल्या.

मैंदर्गी जवळ आली होती. सायकलच्या कॅरियरला कडब्याच्या पेंढ्या बांधून एक माणूस आमच्याच बाजूनं समोरून चालत येत होता. सायकल एका हातात धरलेली. आमचा उजेड पडला तसा त्यानं दुसरा हात डोळ्यांवर घेतला आणि वाट चुकल्यासारखा बाहेर जाण्याऐवजी आत, रस्त्यावर आला. मला त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसत होतं, इतका तो उजेडात होता.

मी ओरडले, "अहो, माणूस!"

हे म्हणाले, "कुठाय?"

मी स्टिअरिंगला हात घातला. गाडी रस्त्याच्या मधोमध तिरकी होऊन थांबली. तो माणूस सायकलसकट कडेच्या चरात बसला होता. गाडी लागली नव्हती, पेंढ्या तेवढ्या विखुरल्या होत्या. मी उतरले, त्याला हात दिला, लागलंय का विचारलं. खरचटलं होतं. आम्ही दोघांनी मिळून पेंढ्या गोळा केल्या. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसून होते. पेंढ्या बांधून झाल्यावर तो माणूस ह्यांच्या खिडकीशी गेला. काच खाली होती. मला वाटलं, आता हा शिव्या देणार, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण तो भांडला नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यानं विचारलं.

"साहेब, तुमाला दिसावं म्हनून आमी आंधळं व्हायचं व्हय?"

ह्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. तो सायकल घेऊन निघून गेला. मला त्या क्षणी माझ्या नवऱ्याची लाज वाटली. माणूस चरात पडतो आणि तुमच्या तोंडून 'चुकलं' एवढंही निघत नाही? पुढचा सगळा रस्ता मी ह्यांचे डोळे होऊन बसले. डावीकडं बैल, उजवीकडं ट्रॉली, पुढं गतिरोधक. हे मुकाट्यानं ऐकत होते, आणि ते मुकाट्यानं ऐकताहेत ह्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

देवळात थोरल्या घरची सगळी मंडळी जमलेली होती. हे हातपाय धुऊन गाभाऱ्यात गेले. मी उंबऱ्याबाहेरून बघत होते. ह्यांनी डाव्या हातानं समई चाचपली, बोटांनी वात शोधली, बोट तिथंच ठेवलं आणि उजव्या हातानं काडी ओढून बोटापाशी नेली. बोट भाजलं तसा हात झटकला. मग दुसरी काडी. समई लागली. मंडपात बसलेल्यांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हे सगळं त्यांच्या सवयीचं होतं.

माझ्या मागं थोरली जाऊ तिच्या सुनेशी कानडीत कुजबुजली. मी बार्शीकडची. मला कळू नये असं काही बोलायचं असलं की त्या घरातल्या बायका कानडीत शिरतात. पण इतक्या वर्षांत 'कण्णु' म्हणजे डोळा एवढं मला नक्की कळतं. मी वळले आणि सरळ विचारलं, काय झालंय ह्यांच्या डोळ्यांना?

जाऊ आधी चपापली, मग तिलाच माझी कीव आली. "तुला म्हाईत न्हाय व्हय? मोती हाय की. दोनी डोळ्यांत."

मोतीबिंदू. वर्षभरापूर्वी अक्कलकोटला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं ह्यांनी तपासून घेतलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. तिथून हे थेट मैंदर्गीला थोरल्या चुलतभावाकडं आले, आणि त्या दादांनी वडीलकीनं सल्ला दिला की मोती पिकू द्यावा लागतो, कच्चा काढला तर डोळा जातो. झालं. थोरल्या घराला माहीत, जावेला माहीत, तिच्या सुनेला माहीत, देवळाबाहेरच्या फुलवालीलाही माहीत. माहीत नव्हतं ते फक्त, जी रोज ह्यांच्यासमोर ताट ठेवते तिला. दादांनी हा सल्ला मायेनं दिला की पाळीवर डोळा ठेवून, ते त्या देवीलाच ठाऊक. मी तेव्हाही विचारलं नाही आणि आताही विचारणार नाही, कारण मायेनं दिला असला तरी तो तितकाच मूर्खपणाचा होता. आणि मोती पिकेपर्यंत काय करायचं? तर गाडीची काच बदलायची, वायपर बदलायचे, आणि तरीही भागलं नाही तर दिवे पांढरे करून साऱ्या तालुक्याला दिपवत हिंडायचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

हे गाभाऱ्यातून बाहेर आले. देवळात आवाज चढवू नये हे मला कळतं. तरी मी चढवला. मला का नाही सांगितलं?

हे खाली बघत म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू मला दवाखान्यात नेलं असतंस."

"नेलंच असतं."

"मग पुढं कितीतरी दिवस धूर नको, वाकायचं नाही, अमुक नाही. तोवर समई कुणी लावली असती?"

"मी लावली असती."

दादा घसा खाकरून म्हणाले, "तसा रिवाज न्हाय, मास्तरीणबाई."

मग मात्र माझा तोल गेला. रिवाज काय आहे? घरच्या हातानं दिवा लागावा हा रिवाज, असंच मी आजवर ऐकत आले. मग मी त्या घरात काय भाड्यानं राहते? ज्याला वात दिसत नाही त्यानं बोट भाजून दिवा लावायचा, येताना वाटेत एखादं माणूस चिरडायचं, आणि तुम्ही सगळ्यांनी खांबाला टेकून ते बघायचं, हा रिवाज कुठल्या देवीनं घालून दिला? ह्या घरची माणसं एकमेकांना सगळं सांगतात, फक्त जिला सांगायला हवं तिला सोडून, हाही रिवाजच म्हणायचा का? मी आणखीही बरंच बोलले. त्यातलं काहीही मी आज परत घेत नाही. दादा "बघू" म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

बाहेर येऊन मी गाडीच्या किल्लीसाठी हात पुढं केला. ह्यांनी किल्ली दिली आणि पलीकडच्या दारानं जाऊन बसले.

खरं ते सांगते. त्या उजेडात मला रस्ता लख्ख दिसला. दूरवरचा मैलाचा दगड, बाभळीच्या शेंगा, पार आडवा पळालेला ससासुद्धा. इतकं सुरेख दिसतं म्हणूनच हे दिवे कुणी काढत नाही, हे मला तिथं बसल्यावर समजलं, आणि त्यानं माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आपल्याला मिळणारं सुख इतकं सरळ समोर दिसतं, आणि त्याची किंमत मोजणारा मागं अंधारात राहून जातो. थोड्याच वेळात समोरून स्कूटरवर एक बाई आली. तिनं माझ्यासारखाच हात डोळ्यांवर घेतला. त्यानंतर घर येईपर्यंत समोरून कुणीही आलं की मी गाडी कडेला घ्यायची, दिवे बंद करायचे, ते माणूस गेलं की पुन्हा निघायचं. घरी पोचायला फार उशीर झाला. हे एकदाही कंटाळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आधी दुकान, मग दवाखाना. दुकानदारानं जुने बल्ब बसवून दिले आणि पांढऱ्या दिव्यांचा सगळा संसार, नळ्या, डब्या, वायरी, एका पिशवीत भरून दिला. ती पिशवी डिकीत गेली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या असतील. पिकण्याचं ऐकून त्यांना नवल वाटलं नाही, रोज ऐकत असाव्यात. पूर्वीच्या पद्धतीत तसं थांबत असत, आता उलट थांबलं की मोती घट्ट होतो आणि काढायला अवघड जातो, इतकं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला त्यांच्याइतकं शांत राहता आलं नाही. एक वर्ष हा माणूस, जो हिशेबात चूक करत नाही, शिधापत्रिकेवरची नावं दोनदा तपासतो, तो स्वतःच्या डोळ्यांचा प्रश्न आंबा पिकण्याच्या हिशेबानं सोडवत होता.

संक्रांतीच्या आधी एक डोळा झाला. पहिला मंगळवार आला तेव्हा ह्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, धुराजवळ जायचं नाही अशी सक्त ताकीद. घरी थांबा म्हटलं तर ऐकेनात. मी गाडी काढली. देवळात दादा आधीच येऊन उंबऱ्यावर बसलेले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काडेपेटीचं टोक दिसत होतं. ते पाहून ह्यांचा चेहरा उतरला. मी काही बोलायचं नाही असं ठरवून आले होते, कारण माझं बोलून झालेलं होतं. आता ह्यांच्यावर होतं. ह्यांनी खिशातून स्वतःची काडेपेटी काढली, मागं वळले, आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हातात दिली.

दादांनी माझ्याकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं, आणि उंबऱ्यावरचे पाय बाजूला घेतले. मी आत जाऊन समई लावली. बाहेर जमलेल्या बायका म्हणाल्या, नवऱ्यासाठी किती करते बिचारी. मी नवऱ्यासाठी करत नव्हते. माझ्या घराची पाळी होती, म्हणून मी लावत होते, पण हे त्यांना समजावत बसायला माझ्याकडं वेळ नव्हता, परतीच्या वाटेवर अंधार पडत होता. पिवळ्या दिव्यांत मी सावकाश गाडी चालवली. दिसायला हवं तेवढं सगळं दिसत होतं.

दुसराही डोळा झाला. होळी होऊन गेल्यावर एका शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं ह्यांनी पुन्हा समई लावली. चाचपणं नाही, बोट नाही, एका काडीत. बाहेर आले ते कुरकुरतच: समईला केवढी काजळी साचलीय, देवीच्या मुकुटावर केवढी धूळ, सकाळची पूजा करणारे करतात तरी काय? मी हसले नाही, पण माझं तोंड बघून जाऊ हसली.

निघताना दादा आम्हाला सोडायला गाडीपर्यंत आले. मी ओटीचं सामान ठेवायला डिकी उघडली, तर त्यांना ती पिशवी दिसली. काय आहे म्हणाले. ह्यांनी सांगितलं, ते पांढरे दिवे. दादांनी पिशवीत हात घालून एक नळी बाहेर काढली आणि मावळतीकडं धरून, डोळे बारीक करून बघत राहिले.

म्हणाले, "पडून ऱ्हाण्यापरीस आमाला द्या की. जीपला बसवतो. आताशा सांजचं लई अंधुक दिसतंय."

मी तोंड उघडलं. पण त्याआधी हे बोलले. भावकीतल्या वडीलधाऱ्याला ह्यांनी कधी उलट उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं. ह्यांनी दादांच्या हातातली नळी हळूच काढून घेतली, परत पिशवीत ठेवली, आणि दादांकडं नीट बघत विचारलं.

"दादा, तुमाला दिसावं म्हनून आमी आंधळं व्हायचं व्हय?"

ह्यांनी डिकी लावली. मी गाडी सुरू केली आणि देवळाच्या वळणापर्यंत मला पुढचा रस्ता धड दिसेना, कारण माझे डोळे भरले होते. त्या संध्याकाळी ह्यांच्या बाजूची काच खाली होती. ह्यांनी ऐकलं होतं.